चौथीच्या वर्गातील विज्ञान आणि शिक्षकाचा वेळ

विज्ञान सहावीपासून सुरू होते आणि तोवर ‘परिसर अभ्यास’ वाचून घेतला म्हणजे पुरे, अशी समजूत घेऊन अनेक नवे शिक्षक प्राथमिक शाळेत रुजू होतात. नागपुरात शिकवताना माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. निरीक्षणाची सवय तिसरी-चौथीतच लागते आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा वर्गात हजर असलेला शिक्षक अधिक गरजेचा असतो.

नागपूर सुमारे 21.15 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, नेमका डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते आणि नंतर उत्तरेकडे वळते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने हा पालट मुलांना स्वतः पाहता येतो. पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास सावलीच्या टोकाशी रोज खूण करावी. जूनअखेरीस ही सावली जेमतेम 4 सेंटिमीटर भरते, त्यामुळे काही मिनिटे इकडेतिकडे झाली तरी दिशा चुकते. ढगाळ दिवशी वहीत ‘ढग’ एवढेच लिहायला लावावे. जे दिसले नाही ते मनाने भरायचे नाही, हे मुले येथेच शिकतात, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र ऐन त्याच वेळी शिक्षकाला माहिती भरण्यासाठी बोलावले गेले की नोंदींची साखळी तुटते. म्हणून शिक्षकाच्या वेळेसाठी बोलणे हे विज्ञान शिकवण्याचेच काम आहे, असे मी मानतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. हे कलम नव्या शिक्षकाने मूळ शब्दांत वाचावे, बुडालेल्या तासिकांची तारीखवार नोंद ठेवावी आणि सहकाऱ्यांसह मुख्याध्यापकांमार्फत लेखी निवेदन द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापुढे ही नोंद आणि मुलांची सावलीची वही एकत्र ठेवावी, आणि शाळा विकास आराखड्यात भिंगे, तापमापी व रमण विज्ञान केंद्राच्या भेटीचा खर्च मागावा.