छोटा, स्वस्त लॅपटॉप घेतलाय? मग या चुका टाळा

'हा डबा आहे, घेऊन पस्तावलो.' अकरा इंची लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवताना बहुतेक जण हेच म्हणतात. मी दुरुस्तीचा व्यवसाय करत नाही, पण नात्यागोत्यातली आणि मित्रांची अशी यंत्रं फिरून फिरून माझ्याकडेच येतात. उघडून पाहिलं की बिघाड क्वचितच सापडतो. सापडतात त्या त्याच त्या चुका, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साठवण गच्च भरणं. या यंत्रांत बहुधा ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे फाईली साठवणारी साधी, स्वस्त चिप असते. खोक्यावर ३२ लिहिलेलं असलं तरी विंडोज ती सुमारे २९ दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातला मोठा वाटा खुद्द विंडोज घेतं. तुमच्या हातात उरते ती एक छोटी खोली, आणि लोक तिला गोडाऊन समजतात.

माझ्या भाचीचा लॅपटॉप असाच ३२ जीबीचा होता. रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. 'मामा, प्रोजेक्ट बाराच्या आत अपलोड करायचाय आणि हा सुरूच होत नाहीये.' आठवडाभर पुढे ढकललेलं अपडेट नेमकं तेव्हा बसायला लागलं होतं. टक्केवारी चढायची, मध्येच अडकायची, मग 'अनडूइंग चेंजेस' येऊन सगळं उलटं फिरायचं. नशिबाने फाईलची प्रत तिने मैत्रिणीला मेलवर पाठवली होती. ती फोनवर उतरवून तिने तिथूनच अपलोड केली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप हातात घेतला तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, शिल्लक ४०० एमबीच्या आसपास. डाउनलोड्समध्ये एकच पीडीएफ पाच वेळा, नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे. खाली महिनोन्महिन्यांची लेक्चरची रेकॉर्डिंग. तिने एकही गोष्ट चुकीची उतरवली नव्हती, फक्त काही काढलंच नव्हतं.

अपडेटला नवी फाईल उतरवायला, ती उलगडायला आणि जुनी बाजूला ठेवायला जागा लागते. ती नसेल तर ते अर्ध्यात फसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. 'लॅपटॉप कायम स्लो असतो' या तक्रारीमागे अनेकदा हेच चाललेलं असतं.

माझी सवय साधी आहे. दर शनिवारी डाउनलोड्स उघडतो, हवं ते जागच्या जागी हलवतो, उरलेलं काढतो आणि रिसायकल बिन रिकामी करतो. एकूण साठवणीचा पाव भाग मोकळा राहिलाच पाहिजे, ६४ जीबी असेल तर साधारण १५ जीबी. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असतं आणि मग आपोआप जातं. जागेची नड असेल आणि नवं विंडोज नीट चालत असेल, तर ते डिस्क क्लीनअपमधून आधीच काढता येतं, मात्र त्यानंतर मागे जाता येत नाही. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, वापरत असाल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाईल दिसत राहते, जागा मोकळी होते.

या कामासाठी 'पीसी क्लीनर' किंवा 'रॅम बूस्टर' नावाचं काहीही उतरवू नका. चार जीबी रॅमचे आठ जीबी कोणताही बूस्टर करत नाही, तो स्वतःच पार्श्वभूमीला चालत राहून आहे त्यातली खातो. दोन मिनिटांत वेग वाढवून देणारे व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, हात घालणाऱ्यांची मला खरोखर चिंता वाटते. अर्धा तास बसून फाईली निवडायचा कंटाळा येतो, म्हणून माणसं सगळं यंत्र पणाला लावतात.

आणखी एक गोष्ट. ईएमएमसी मदरबोर्डवरच डकवलेली असते. मोठ्या लॅपटॉपचा बोर्ड गेला तर बहुधा ड्राइव्ह काढून दुसरीकडे जोडता येतो, इथे ती सोय नाही. बोर्ड गेला की फाईलीही गेल्या असंच धरून चाला आणि बॅकअप बाहेर ठेवा. मेमरी कार्ड कायम खोबणीत ठेवून सगळं त्यावरच साठवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

रॅमही अनेकदा बोर्डवर पक्की असते, म्हणून 'नंतर वाढवू' या भरवशावर घेऊ नका. चार जीबीवर काम होतं, पण तीस टॅब उघडे ठेवून नाही. मी पाच-सहाच्या वर जात नाही, वाचायचं राहिलेलं बुकमार्कमध्ये टाकतो.

आता बॅटरी. इथे मीच चुकलो होतो आणि ती चूक महागात पडू शकली असती. माझ्या जुन्या छोट्या लॅपटॉपचा टचपॅड दाबला जाईना. बोट फिरवलं की बाण हलायचा, पण क्लिकचा टक् आवाज गेला होता. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, सेटिंग चाळली, जवळजवळ आठवडा घालवला. मग एकदा टेबलावर टाइप करताना यंत्र डुगडुगतंय असं जाणवलं. उलटं करून पाहिलं तर तळाचं झाकण मध्यभागी फुगलेलं, कडेच्या फटीत नख सहज जात होतं. बॅटरी खालून टचपॅडला वर ढकलत होती, आणि मी आठवडाभर वरून बोटाने तिच्यावरच दाब देत होतो.

लिथियम-आयन बॅटरीतलं रसायन जुनं होताना विघटित होतं, त्यातून वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. उष्णता आणि कायम शंभर टक्के चार्ज, दोन्हींमुळे हे लवकर घडतं. माझा लॅपटॉप महिनोन्महिने चार्जरला लावलेला असायचा, तोही उशीवर. पंखा नसलेली ही यंत्रं उष्णता अंगावाटेच बाहेर टाकतात, आणि उशी ती कोंडून धरते.

टचपॅड कडक झाला, झाकण नीट मिटेना किंवा तळ डुगडुगायला लागला, तर चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि ते सर्व्हिस सेंटरला न्या. फुगा दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका, आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. यात घाई केली तर आग लागू शकते. आता मी सेटिंगमधून चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवतो. ती सोय नसलेल्या यंत्रावर चार्जर हाताने काढतो.

चार्जरचंही तेच. गोल पिनेचा दुसरा चार्जर घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. नुसती पिन बसली म्हणजे चालेल असं नाही. यूएसबी-सी असेल तर फोनचा छोटा चार्जर कधी कासवगतीने चालतो, कधी चालतच नाही.

झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका. स्वस्त यंत्रांत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात. पीळ पडला की नट प्लास्टिकसकट उपटतो. मध्यभागी धरा, हळू उचला.

सेकंडहँड घेताना आधी तारखा बघा. विंडोज १० ला मिळणारी नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. क्रोमबुकची, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपची, अपडेट संपण्याची तारीख सेटिंगमध्ये दिसते, आणि ती तुमच्या खरेदीपासून मोजलेली नसते. जुन्या यंत्रावर मी विंडोजऐवजी हलकं, मोफत लिनक्स टाकतो: लुबंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. पण त्याआधी ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद आहे का ते तपासा आणि असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. स्क्रीन ती मागते तेव्हा ती शोधायची वेळ निघून गेलेली असते.

आणि यंत्र काही महिने कपाटात ठेवणार असाल तर साधारण अर्ध्या चार्जवर, पूर्ण शटडाउन करून ठेवा. नुसतं झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप झोपेतही बॅटरी खात राहतो.