ईएसपीचा दिवा लागला की लगेच सेन्सर मागवू नका

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली. ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा जात नव्हता, आणि मालकाला कुणीतरी नवा स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती फिरलंय ते मोजणारा) टाकायला सांगितलं होतं. चाकं सरळ केली तर स्टिअरिंग चक्क डावीकडे कललेलं. टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केलंच नव्हतं.

म्हणून आधी तेवढं बघा. मग बॅटरी मोजा, १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढे जा. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरच्या लाइव्ह डेटात स्टिअरिंगचा कोन उघडा आणि स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नजर आकड्यावरच ठेवा. आकडा सलग बदलतोय, पण गाडी सरळ असताना शून्याऐवजी ९ अंश दाखवतोय? मग सेन्सर बहुधा चांगलाच आहे. अलाइनमेंट करा, नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा शून्य पुन्हा ठरवून घ्या. आकडा मध्येच उडी मारतो किंवा एका जागी अडकतो, तर फ्यूज आणि कनेक्टर तपासा. ते ठीक असतील तरच सेन्सरवर खर्च करा.

स्टिअरिंग खोलायची वेळ आलीच, तर आत एअरबॅग आहे हे विसरू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच हात घाला.