वस्तीतल्या पोरांसाठी पोलीस ठाण्यासोबत काही सुरू करायचंय? मग हे वाचा

आमच्या वस्तीत आम्ही चार-पाच जण मिळून पोलीस ठाण्याच्या मदतीने पोरापोरींचं सकाळचं ग्राउंड आणि संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, आणि कुणी ना कुणी विचारतंच की आमच्याकडे पण करायचंय, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे मेळावा घेऊन सुरुवात करू नका, आम्ही तेच केलं होतं. बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुणे दीड तास उशिरा, पोरं उन्हात बसलेली आणि वर भाषणात व्यसनांवरून त्यांनाच सुनावलं, त्यानंतर दोन महिने एक पोरगं फिरकलं नाही. त्यापेक्षा एक वार ठरवा. दर बुधवारी सकाळी सहाला तोच एक अंमलदार ग्राउंडवर येणार, एवढं जमलं तरी खूप झालं. तोच माणूस हवा हं, दर वेळी नवीन चेहरा आला तर पोरं तोंड उघडत नाहीत.

ठाण्यात जाताना एक पानी अर्ज घेऊन जा, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या. किती पोरं, काय वयाची, कुठलं ग्राउंड, कुठला वार, आणि ठाण्याकडून नेमकं काय पाहिजे ते लिहा, आठवड्यातून एक तास एक माणूस, बस. पैसे मागू नका. गणपती, निवडणुका असल्या बंदोबस्ताच्या दिवसात गेलात तर कुणालाच वेळ नसतो. जानेवारीचा पहिला आठवडा मात्र चांगला, कारण २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा रेझिंग डे असतो (१९६१ साली त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हातून दलाला ध्वज मिळाला) आणि त्या आठवड्यात ठाण्यांमध्ये शाळा-कॉलेजच्या पोरांना बोलावून हत्यारं, वायरलेस, कामकाज दाखवतात. तेव्हा आपली पोरं घेऊन जा, ओळख तिथेच होते. आणि हो, साहेबांची बदली होणारच, त्यामुळे बीट अंमलदाराशी (आपला भाग ज्याच्याकडे असतो त्या पोलिसाशी) पण नातं ठेवा.

अठराच्या आतली पोरं असतील तर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमायची तरतूद आहे, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. लहान मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या कपड्यात असावं असं नियमातच आहे, तर तशी विनंती करायला लाजू नका. याचा किती फरक पडतो ते मी पाहिलंय. आमच्याकडे एक पोरगा होता, पोलिसांची गाडी दिसली की पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहायचा, काही केलेलं नसताना. एका बुधवारी तो अंमलदार टी-शर्टवर आला, खाली बसून चुन्याने गोळाफेकीचं वर्तुळ आखत होता आणि चुना संपला, तर हाच पोरगा पिशवी घेऊन पुढे आला. त्या दिवशी दोघं काहीच बोलले नाहीत, पण पुढच्या बुधवारी पोरगा सगळ्यात आधी हजर.

भिवंडीचं उदाहरण पोलिसांना सांगायला फार उपयोगी पडतं. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत तिथे माणसं मेली, पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, पोलीस आणि दोन्ही समाजाचे लोक काही घडलेलं नसतानाही एकत्र बसायला लागले, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. गडचिरोलीत पोलिसांची दादालोरा खिडकी आहे, तिथे दाखले, योजना, रोजगाराचं ट्रेनिंग सगळं ठाण्यातूनच मिळतं. आपल्याला एवढं मोठं नको, पण दाखल्यांची मदत कुठेही सुरू करता येते.

आता शिकवायचं काय, तर बहुतेकांना पोलीस भरतीच करायची असते. मैदानी ५० मार्कांची, लेखी १०० ची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. पण भरतीत सगळे लागत नाहीत, हे पहिल्याच महिन्यात प्रेमाने सांगा, आणि आयटीआय, ड्रायव्हिंग लायसन्स यांची माहिती सोबतच द्या. चारित्र्य पडताळणी म्हणजे काय ते अंमलदाराच्याच तोंडून ऐकवा, अठरा झाल्यावर एका भांडणातली केस किती वर्षं मागे लागते ते पोरांना खरंच माहीत नसतं. बँक अकाउंट भाड्याने देण्यावर तर एक अख्खा तास घ्या, चार-पाच हजारांसाठी पोरं कार्ड आणि सिम देऊन टाकतात आणि फ्रॉडचे पैसे त्यांच्या खात्यातून फिरतात, मग पोलीस त्यांच्याच दारात. १९३० (सायबर फसवणूक), १०९८ (लहान मुलांसाठी मदत), ११२ (तातडीची मदत) हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

एका गोष्टीवर अजिबात तडजोड नको. "तुमच्यातली वाह्यात पोरं कोण, नावं द्या" असं कुणीही म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, पोरांना खबरी केलंत की ग्राउंड संपलंच समजा. आधी कुठल्या प्रकरणात अडकलेलं पोरगं असेल तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका, अठराखालच्याची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. त्याच्या घरच्यांना विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, मुलांना तिथे वकील फुकट मिळतो.

मुलींसाठी महिला अंमलदार मागा आणि बाथरूम कुठे आहे ते आधी बघा, आमच्या मुली याच कारणाने गळत होत्या, शेजारच्या शाळेने एक खोली उघडून दिली तेव्हा टिकल्या.

पहिल्या दिवशीचं सामान: चुना, शिट्टी, ७.२६० किलोचा गोळा आणि मुलींसाठी ४ किलोचा, पाण्याचा जार, प्रथमोपचार पेटी, हजेरीचं रजिस्टर. ग्राउंड शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, अठराखालच्यांसाठी पालकांची सही. आणि सलग तीन बुधवार जे पोरगं आलं नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन या, पोलिसांना न घेता.