ॲक्शन थ्रिलरमधला एक प्रसंग कसा रचावा

गोळीबार, पाठलाग, स्फोट सगळं ठासून भरलेलं असतं, तरी सिनेमा कंटाळवाणा होतो. उलट बंद खोलीत दोन माणसं समोरासमोर बसलीत, एवढंच घडत असतं आणि पुस्तक खाली ठेववत नाही. हा फरक खर्चाचा नाही. कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय, वेळ किती उरलाय आणि चुकलं तर काय होईल, हे प्रेक्षकाला लख्ख कळत असतं तेव्हाच थरार वाटतो. गोंधळ उडवला की थरार येईल, ही समजूत आधी मनातून काढा. कथा लिहीत असाल, शॉर्ट फिल्म करत असाल की गेम बनवत असाल, पहिला प्रसंग पुढच्या क्रमाने रचून पाहा.

सोबत एक उदाहरण घेऊ. रात्रीची मेल कसाऱ्याला थांबली आहे. इथून इगतपुरीपर्यंत १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, त्यामुळे गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावलं जातंय. सुनंदा नावाच्या नर्सने टॉयलेटमध्ये असताना दाराबाहेर दोन पुरुषांचं बोलणं ऐकलं आहे. एस ४ मधल्या म्हाताऱ्या साक्षीदाराला घाटात संपवायचं आणि बँकर सोडायला गाडी इगतपुरीला थांबली की उतरून जायचं, असा त्यांचा बेत आहे. सुनंदाने आवाज ऐकलेत. चेहरे पाहिलेले नाहीत.

पायरी १ : नायकाकडे काय नाही, ते आधी ठरवा

नवे लेखक नायकाला काय काय येतं याची यादी करतात. त्याऐवजी त्याच्याकडे एक अशी गोष्ट नसू द्या, जिच्यामुळे प्रत्येक पाऊल अवघड होईल. ‘डाय हार्ड’ (१९८८) हा सिनेमा याचा उत्तम धडा आहे. विमानातला सहप्रवासी नायकाला सांगतो, प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळ. नायक ते करून पाहतो आणि नेमके तेव्हाच हल्लेखोर इमारतीत शिरतात. पुढे तो एका मेलेल्या शत्रूचे बूट घालून बघतो, ते लहान पडतात. मग खलनायकाच्या नजरेला ती अनवाणी पावलं पडतात आणि तो आपल्या माणसाला काचा फोडायला सांगतो. एक साधी उणीव तीन टप्प्यांत वापरली आहे : आधी सहज दाखवली, मग भरून काढायचा प्रयत्न फसला, आणि शेवटी ती शत्रूला कळली. हा तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात.

आपल्या गोष्टीत सुनंदाला फक्त आवाज माहीत आहेत. मग मारेकऱ्याला हे कळलं तर तो काय करेल? तो बोलणंच बंद करेल. मदतीला आलेला, नुसती मान डोलावणारा, एक शब्दही न काढणारा प्रवासी इथेच जन्माला येतो.

पायरी २ : जागेचा नकाशा काढा

कागद-पेन घ्या आणि खरोखर काढा. सुनंदाचा बर्थ एस ५ मध्ये, साक्षीदार एस ४ मध्ये, टॉयलेट दोन्ही डब्यांच्या जोडावर. टीसी एस ९ मध्ये, मधे पँट्री कार, आणि तिच्या दारात कुणीतरी पाठमोरं उभं. ही माहिती हाणामारी सुरू व्हायच्या आधी वाचकापर्यंत गेली पाहिजे. सुनंदाला एकदा निवांतपणे चहा शोधत त्या वाटेने चालवा. दिवे कुठे बंद आहेत, कुठलं दार अडकतं, खालच्या बर्थवर कुणाचं लहान मूल झोपलंय, हे वाचकाला तेव्हाच दिसू द्या. नंतर ती धावत सुटेल तेव्हा वर्णनासाठी थांबावं लागणार नाही.

वर सांगितलेल्या सिनेमात अर्धवट बांधलेल्या मजल्यावर भिंतीला एका बाईचं पोस्टर चिकटवलेलं आहे. नायक पुन्हा तिथून जातो तेव्हा ते पोस्टर दिसतं आणि आपण कुठे आहोत हे आपल्याला एका क्षणात समजतं. तुमच्याही जागेत अशी एखादी खूण ठेवा. गेममध्ये तर याला पर्यायच नाही. वाट चुकलेल्या खेळाडूला भीती वाटत नाही, त्याची चिडचिड होते.

पायरी ३ : सोप्या वाटा बंद करा

वाचक हुशार असतो. तो पहिला प्रश्न विचारणार : ही साखळी का ओढत नाही? ओढली तर गाडी घाटातल्या अंधारात उभी राहील आणि मारेकऱ्यांना पळून जायला इगतपुरीची वाटही बघावी लागणार नाही. रेल्वेच्या मदत क्रमांकावर, १३९ ला फोन? बोगद्यात रेंज नाही. आरडाओरडा? कोण शत्रू हे तिला माहीत नाही, त्यामुळे धावून येणाऱ्यांत तोच पहिला असू शकतो. ही उत्तरं भाषणासारखी देऊ नका, तिला प्रयत्न करून हरू द्या. वेळेची मर्यादाही याच पायरीत पक्की करा. इगतपुरी आली की खेळ संपला.

पायरी ४ : वाचकाला नायकापेक्षा थोडं जास्त सांगा

माझ्या मते मनोरंजनाचा सगळ्यात मोठा वाटा या पायरीत आहे. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या गाजलेल्या संवादात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला मिनिटन् मिनिट जागेवर खिळवून ठेवतात.

फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ या कादंबरीने (१९७१) ही गोष्ट आणखी पुढे नेली. मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालाय, आणि द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले हे वाचकाला माहीत आहे. म्हणजे कट फसणार, हे पहिल्या पानापासून उघड आहे. तरीही आपण वाचत राहतो. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढतात, खास बनवून घेतलेली बंदूक खरबुजावर कशी तपासतात, हे एकेक पाऊल आपण त्याच्याबरोबर टाकतो. शेवट लपवण्यावर सगळी ताकद खर्च करणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

आपल्या गोष्टीत तो मुका प्रवासी कोण आहे, हे वाचकाला आधीच सांगून टाका. सुनंदा टॉयलेटमध्ये असताना एक परिच्छेद दाराबाहेर जा आणि बोलणाऱ्याच्या मनगटावरचा लाल धागा दाखवा. पुढे तोच धागा बांधलेला हात तिच्यासमोर पाण्याची बाटली धरतो. ती बाटली घेते, आभार मानते. तुम्हाला एकही विशेषण लागणार नाही.

पायरी ५ : प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून काढा

प्रसंगातल्या घटना एकाखाली एक लिहा आणि मधली कुठलीही खोडून बघा. बाकीचं जसंच्या तसं उभं राहिलं, तर ती घटना फक्त गर्दी आहे, काढून टाका. सुनंदाने साक्षीदाराला दुसऱ्या बर्थवर झोपवलं, त्यामुळे मारेकऱ्याला बर्थ रिकामा दिसला, त्यामुळे कुणाला तरी बेत कळलाय हे त्याला उमगलं. तिच्या शहाणपणानेच तिचा धोका वाढला पाहिजे.

पायरी ६ : श्वास घ्यायला जागा ठेवा

‘लेफ्ट फोर डेड’ (२००८) या गेममध्ये खेळाडूंवर किती ताण आलाय याचा अंदाज घेणारी एक यंत्रणा आहे. ताण टोकाला गेला की ती हल्ले थोडा वेळ थांबवते, मग पुन्हा वाढवत नेते. सिनेमा आणि पुस्तकाला प्रेक्षकाचा ताण असा मोजता येत नाही, म्हणून ही जागा लेखकानेच ठेवायची. बोगदा संपतो, खिडकीतून गार वारा येतो, म्हातारा तिला नातवाबद्दल काहीतरी सांगतो. हे दोन परिच्छेद कापू नका. तो माणूस वाचावा असं आपल्याला इथेच वाटू लागतं.

पायरी ७ : माध्यमाचं बळ ओळखा

सिनेमात नजर सांभाळा. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) शॉट भराभर बदलतात, तरी काय चाललंय ते समजतं, कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यावर ठेवली आहे. प्रत्येक कटनंतर डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना या संकलनासाठी ऑस्कर मिळालं. कॅमेरा हलवून मारामारी लपवण्याची सवय लागलेल्यांनी हा सिनेमा एकदा आवाज बंद करून बघावा.

पुस्तकात तुमच्या हाती मन आणि वाक्याची लांबी आहे. गेममध्ये हात खेळाडूचे असतात, म्हणून संकटाआधी शिकवणं आवश्यक. ‘हाफ-लाइफ २’ मध्ये (२००४) वस्तू ओढून फेकणारी बंदूक आधी एका यंत्रमानवाशी चेंडू खेळताना हाती येते. मग अंधाऱ्या गावात करवतीच्या पात्याने कापला गेलेला झोंबी दिसतो, आणि आता काय करायचं हे कुणी न सांगता सुचतं. ती युक्ती खेळाडूला स्वतःची वाटते, हा आनंद दुसरं कुठलंच माध्यम देऊ शकत नाही.

पायरी ८ : दुसऱ्याकडून तपासून घ्या

प्रसंग लिहून झाला की तो अशा कुणाला तरी वाचायला द्या, ज्याने तुमचा नकाशा पाहिलेला नाही. आवडला का, असं विचारू नका. कोरा कागद द्या आणि डबे, माणसं, दारं काढायला सांगा. त्यानंतर विचारा : तिला नेमकं काय करायचं होतं, आणि कुठल्या ओळीला तुला तिच्यावर ओरडावंसं वाटलं? त्यांचं चित्र तुमच्या नकाशापासून जिथे वेगळं पडेल, त्या वाक्यापासून पुन्हा लिहायला घ्या.