लहान मुलांचं वाचनालय काढताय? आधी वाचून दाखवणारी तीन माणसं ठरवा

गुढीपाडव्याला आम्ही मंडळाच्या खोलीत लहान मुलांचं वाचनालय उघडलं आणि गणपती बसायच्या आत त्याला कुलूप लागलं. पुस्तकं दोनशेच्या वर होती, कपाट नवं होतं, भिंतींवर मुलींनी हत्ती-जिराफ रंगवले होते. भांडुपच्या डोंगरावर आमची वस्ती. तीन ते सहा वर्षांच्या पोरांच्या हातात पुस्तक पडलं की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. आता दुसऱ्यांदा उभं केलंय आणि ते टिकलंय. तुमच्याकडे कुणी काढणार असेल तर हे सगळं वाचा आणि मगच कपाट सांगायला जा.

सगळ्यात आधी वाचून दाखवणारी माणसं. तीन हवीत. आमच्याकडे एकच ताई होती, बारावी झालेली, आवाज गोड, मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची. जूनमध्ये तिला अंधेरीला नोकरी लागली. तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी कोण बसणार हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं, ते चुकलं. पुढे दीड महिना एक काका रोज पाचला दार उघडून, पंखा लावून बसायचे. एकदा मी डोकावले. साडेतीन-चार वर्षांचा एक मुलगा पुस्तक उलटं धरून त्यांच्यापाशी आला, मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "वाच ना." काकांची अक्षरओळख बेताची. ते म्हणाले, "तूच बघ रे चित्रं." त्यानं चार पानं उलटली, परत त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुस्तक खाली ठेवलं आणि चपला उलट्या पायांत घालून निघून गेला. तो परत आला नाही. हळूहळू बाकीचीही यायची थांबली.

दादरला मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1898 मध्ये स्थापन झालेलं, मोठ्यांचं वाचनालय. तिथे सभासद येतो, पुस्तक निवडतो, घरी नेऊन वाचतो. चार वर्षांच्या मुलाला वाचताच येत नाही. ओळ डावीकडून सुरू होते, त्या काळ्या खुणांमध्ये शब्द असतात, कालची गोष्ट आज उघडली तरी तीच निघते, हे त्याला कुणाच्या तरी मांडीवर बसूनच कळतं. शिवाय घरात दिवसभर त्याच्या कानावर पडतं ते "इकडे ये", "पाणी सांडू नकोस", "गप बस". आई-बाप दमलेले असतात, त्यांना बोल लावून उपयोग नाही. 'गलबत', 'खोडकर', 'काजवा' असले शब्द त्याच्या कानावर गोष्टीतूनच जाणार, आणि गोष्ट वाचायला माणूस लागतो. म्हणून परत सांगते: तीन माणसं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. हे नाव पुढे 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेनं देशभर नेलं. अंगणातल्या त्या बालवाडीला ना इमारत होती ना कपाट. शिकवणारी बाई मुलांपर्यंत चालत गेली होती. आम्ही कपाटापासून सुरुवात केली, हे मला फार उशिरा कळलं.

ही तीन माणसं आणायची कुठून? अंगणवाडीच्या ताईंवर टाकू नका. पोषण आहार, वजनं, रजिस्टरं आणि आता मोबाइलवरची नोंद, एवढं सांभाळून त्या येतील आणि पंधरा दिवसांत थकतील. त्यांच्याकडून मुलांची नावं आणि वयं घ्या, तेवढं पुष्कळ. एखादी आजी शोधा. पाचवी-सहावीतली मुलं शोधा, ती लहानग्यांना फार छान वाचून दाखवतात आणि त्यांचंही वाचन सुधारतं. पण त्यांना परीक्षा असते, तेव्हा मोठं माणूस बदलीला हवंच. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वगळू नका. शब्द नसलेली चित्रपुस्तकं मिळतात. आमचे तेच काका आता ती पुस्तकं घेऊन मालवणी बोलीत गोष्ट सांगतात आणि सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याभोवती असते. आजचं माणूस, त्याच्या बदलीचं आणि बदलीच्याही बदलीचं, अशी तिन्ही नावं रोज फळ्यावर लिहा. नाव नसेल तर त्या दिवशी वाचनालय नाही, असं सरळ जाहीर करा. नुसतं दार उघडून बसू नका.

वाचणाऱ्यांना तासभर बसवून शिकवा. पुस्तक आदल्या दिवशी घरी वाचून यायचं. चित्र मुलांकडे धरायचं, ओळीखाली बोट फिरवायचं, मध्येच थांबून "आता काय होईल?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. शिकवणीसारखं "हे कुठलं अक्षर?" करायचं नाही. एकच गोष्ट मुलं दहादा मागतात. दहादा वाचा. चौथ्या-पाचव्या वेळी वाक्य ती स्वतः पूर्ण करतात, आणि त्या दिवशी काय झालं ते घरी जाऊन सांगतात.

वेळ ठरवताना पाण्याची वेळ विचारा. आम्ही पाच ते सहा ठेवली होती आणि आमच्या गल्लीत पाणी येतं सव्वापाचला. येतो म्हणालेल्या दोन आया नळाला पाणी आलं की अर्धी गोष्ट टाकून पळायच्या, आणि त्यांच्यामागे त्यांची मुलंही. आता साडेसहा ते साडेसात असतं. तुमच्याकडे पाणी पहाटे येत असेल तर प्रश्नच नाही, पण विचारा.

जागा. सोसायटीचं ऑफिस, मंडळाची खोली, समाजमंदिर, काहीही चालेल. परवानगी ठरावानिशी, लेखी घ्या, कमिट्या बदलतात. आणि मंडळाची खोली असेल तर आत्ताच विचारून ठेवा की गणपतीच्या दिवसांत बांबू, ताडपत्री, लायटिंगच्या माळा कुठे जाणार. जुलैअखेरपासून ते सामान आत येतं आणि पुस्तकं त्याखाली जातात. त्या दोन महिन्यांसाठी कुणाच्या तरी घरची ओसरी पक्की करा. पुस्तकं दोन पिशव्यांत मावतात. वाचणारं माणूस असेल तर ओसरीवरही वाचनालय चालतं, आमचं चाललंय.

फर्निचर थोडक्यात: सतरंजी, ट्यूबलाइट, पंखा. पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी, मुखपृष्ठ समोर करून. पुस्तकाच्या कण्यावरचं नाव त्यांना वाचता येत नाही, म्हणून कपाटात उभी खोचलेली पुस्तकं त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. दोन दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावली तरी झालं. मांडणी ठेवलीत तर ती भिंतीला स्क्रूनं पक्की करा. मुलं चढतात.

पुस्तकं निवडताना मात्र घाई नको. तीस-चाळीस मुलांना सुरुवातीला शंभर-सव्वाशे पुस्तकं खूप झाली. दान म्हणून रद्दी येते: गाइडं, जुने दिवाळी अंक, मोठ्यांच्या कादंबऱ्या. नम्रपणे परत करा. पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र, असं हवं. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका, एकलव्य यांच्याकडे अशी पुस्तकं आहेत आणि त्यांतली बरीच स्वस्त आहेत. अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याची घ्या, ती तोंडात जातातच. मुंबईच्या वस्तीत एका गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू बोलणारी घरं असतात. फक्त मराठी पुस्तकं ठेवलीत तर अर्धी मुलं कडेला बसतील. प्रथम बुक्सच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर कितीतरी भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. आणि त्या त्या भाषेत वाचणारं कुणीतरी त्या तीन नावांत असू द्या. तेलुगू पुस्तक ठेवून तेलुगू वाचणारं कुणी नसेल तर पुन्हा आमचीच चूक होईल.

नवं पुस्तक आलं की आधी पाठीमागच्या पिना बघा. आपल्या हवेत एका पावसाळ्यात त्या गंजतात, पानांवर तांबूस डाग पडतात आणि एक टोक वर येऊन बोटाला टोचतं. आम्ही पिना काढून दाभणानं तीन भोकं पाडतो आणि जाड दोऱ्यानं शिवतो. पाच मिनिटांचं काम आहे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून चिकट होते. पातळ कागद आणि खळ वापरा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या तर अजिबात ठेवू नका. लहान मुलं त्या गोळ्या खाऊ समजून तोंडात घालतात आणि ते विष आहे. वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, तोही मुलांच्या हाताला लागणार नाही असा. पुस्तकं ओलीच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि ऊन पडलं की उघडून ठेवा.

पुस्तकं घरी जाऊ द्या. फाटतील म्हणून कुलपात ठेवू नका. प्रत्येक मुलाला एक चित्र द्या, आंबा, छत्री, पतंग असं. नोंदवहीत त्याच्या नावापुढे तेच चित्र काढायचं. तीन वर्षांचं मूलही स्वतःचं पान बोटानं दाखवतं. पावसात पुस्तकाबरोबर प्लास्टिकची पिशवी द्या. दंड नाही. फाटलं तर मुलाला शेजारी बसवून खळ लावायला द्या.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी दोन मोठी माणसं एका वेळी हजर आणि दार उघडं, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही.

उद्घाटन साधं ठेवा. भाषणं नकोत, त्या दिवशीही एक गोष्ट वाचा. पहिल्या महिन्यात किती मुलं आली हे मोजत बसू नका. कोणती गोष्ट परत मागितली ते लिहा. आया दारात थांबतात, त्यांना आत बोलवा. दर तीन महिन्यांनी पुस्तकं मोजा. खर्चाची वही ठेवा. शासकीय अनुदानाच्या आणि मान्यतेच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, कागद गोळा करण्यात वाचणारी माणसं गळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मी वस्ती गावाला जाते, तेव्हा दोन दिवस चालू ठेवलंत तरी पुरे.

आणि पुढच्या आठवड्याची नावं शनिवारी संध्याकाळीच फळ्यावर लिहून टाका, प्रत्येक दिवसासमोर तीन. रविवारी कुणी फोन उचलत नाही आणि सोमवारी साडेसहाला मुलं दारात उभी असतात.