अश्वगंधेचा डबा उघडण्याआधी

कोल्हापुरात जिम चालवायची म्हणजे दोन गटांच्या मधे उभं राहायचं. एकीकडे तालमीतून आलेली, बदामाच्या थंडाईवर पोसलेली पोरं, दुसरीकडे मोबाइलवर डब्याचा फोटो पुढे करून "मॅडम, हे घेऊ का?" विचारणारी. त्यात डब्यावर 'हर्बल' लिहिलेलं असलं की घरचेही लगेच पैसे काढून देतात. अशांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी ताटाचा हिशेब. स्नायू वाढवायला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. शाकाहारी घरात हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी वही घ्यावी: कोरडे सोयाचंक्स ५० ग्रॅम, त्यातून २६, पनीर १०० ग्रॅम, त्यातून १८, अर्धा लिटर दूध १६, दिवसभराच्या भाकरी-चपातीचं २०० ग्रॅम पीठ २०, दोन वाट्या घट्ट वरण १२, मूठभर शेंगदाणे ७. झाले ९९. सोया उकळून, दोनदा पिळून तांबड्या रश्श्यात टाकला की त्याचा वास जातो, आणि मटण समजून खाणारेही मी पाहिलेत.

दूध-पनीरही नको असेल तरी अडत नाही, फक्त डाळी-सोयाचं माप वाढवावं लागतं. २०२१ साली ब्राझीलमधल्या एका अभ्यासात व्हीगन (दूधही न घेणाऱ्या) आणि मिश्र आहार घेणाऱ्या तरुणांना १२ आठवडे पायांचा व्यायाम दिला. दोघांनाही १.६ चाच हिशेब. व्हीगनांना कमी पडेल ते सोया पावडरमधून, दुसऱ्यांना व्हेमधून, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरमधून. मांड्या दोघांच्याही सारख्याच वाढल्या. वाटाण्याची किंवा सोयाची पावडर घ्यायची ती फक्त ताटात कमी पडणाऱ्या ग्रॅमांपुरती. आणि डब्यावर स्कूपचं वजन वेगळं आणि त्यातली प्रथिनं वेगळी लिहिलेली असतात. दुसरा आकडा बघा.

आता अश्वगंधा. २०१५ मध्ये ५७ पुरुषांवर झालेला अभ्यास सगळे विक्रेते दाखवतात. मुळाचा अर्क ३०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, ८ आठवडे, सोबत वजनांचा व्यायाम. अर्क घेणाऱ्यांचा बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन छातीवरून ढकलायचं वजन) सरासरी ४६ किलोंनी वाढला. विक्रेता पुढचा आकडा सांगत नाही: नुसत्या पिठाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचाही २६ किलोंनी वाढला! ही सगळी मंडळी वजनांना फारशी सरावलेली नव्हती, आणि नवखा उचलतो ते वजन पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढतंच. म्हणजे निम्म्याहून जास्त काम बारबेलनेच केलं. फरक खरा आहे, पण पाच वर्षं उचलणाऱ्याने ४६ ची आशा धरू नये.

घ्यायचीच असेल तर डबा उलटा करून वाचा. 'मुळाचा अर्क' लिहिलंय का? (पानांचा नको.) विथानोलाइडचं, म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य घटकाचं, प्रमाण दिलंय का? एका कॅप्सूलमध्ये किती मिलीग्रॅम? दहा वनस्पतींची नावं आणि पुढे 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असा एकच आकडा असेल तर डबा परत ठेवा. त्यात कशाचं किती आहे ते विकणारा सांगू इच्छित नाही. घरचं एक चमचा चूर्ण आणि ३०० मिलीग्रॅम अर्क यांचा हिशेब एक धरू नका. जेवणासोबत घ्या, आठ आठवड्यांनी थांबा.

थायरॉइडची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असेल, गरोदर असाल, यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अश्वगंधेमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी बंद करून डबा घेऊन दवाखाना गाठा.

गोखरूवर फार शब्द घालवत नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंना पाच आठवडे गोखरूचा अर्क दिला. ताकदीत काही फरक पडला नाही. पैसे पनीरला ठेवा.

हळदीचं वेगळं आहे. तिच्यातल्या करक्युमिन या घटकाने व्यायामानंतरचं अंग दुखणं थोडं कमी होतं, स्नायू वाढत नाहीत. स्वयंपाकाच्या हळदीत ते साधारण ३ टक्केच असतं, म्हणून कपभर हळदीच्या दुधाकडून औषधाची अपेक्षा नको. चवीला प्या, झोप छान लागते माझी तरी. कॅप्सूलमध्ये शोषण वाढवायला मिरीतलं पायपरीन घातलेलं असतं. तेच पायपरीन इतर औषधांचंही शोषण वाढवू शकतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर या कॅप्सूलपासून लांबच राहावं.

बीटचा रस सेट जास्त वेळ ओढायला थोडी मदत करतो. व्यायामाच्या दोन-तीन तास आधी प्यायचा. त्यातल्या नायट्रेटवर आधी तोंडातले जीवाणू काम करतात, त्यामुळे त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉश वापरला तर रस वाया. लघवी लाल दिसली तर घाबरू नका.

आता पद्धत. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. पहिले दोन आठवडे काहीही न घेता वहीत उचललेलं वजन, रेप्स (ते सलग किती वेळा उचललं) आणि झोपेचे तास लिहा. मग सुरू करा आणि तेच लिहीत राहा. तीन डबे एकदम उघडले तर फायदा कशाचा आणि पोट कशाने बिघडलं, दोन्ही कळत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक वहीच्या पहिल्या पानावरच थांबतात, कारण तिथे झोप पाच तास लिहिलेली असते.

कुस्ती, कबड्डीत राज्य पातळीवर उतरणाऱ्यांसाठी एक जादा नियम. वनस्पतीच्या पावडरमध्येही बंदी असलेला पदार्थ मिसळलेला निघू शकतो, आणि नमुन्यात तो सापडला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. बॅचनिहाय तपासणी झालेलाच माल घ्या, बॅच क्रमांकाचा फोटो आणि बिल जपून ठेवा, आणि पुढे तपासून घ्यायची वेळ आली तर हाताशी असावेत म्हणून डब्याच्या तळाशी चार चमचे तसेच राहू द्या.