मुंबई परिसराच्या मालवाहतुकीचा आराखडा: मोजणीपासून बांधणीपर्यंत

मालवाहतुकीची कोंडी म्हटली की पहिली मागणी होते उड्डाणपुलाची. न्हावाशेवाहून निघालेला ट्रेलर भिवंडीत रिकामा होऊन परत बंदरात यायला किती तास लागतात आणि त्यातले किती तास तो नुसता उभा असतो, हे कागदावर आल्याशिवाय ती मागणी बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. उरण-पनवेल-भिवंडी पट्ट्यात बराच वेळ बंदराच्या गेटवर, रिकाम्या कंटेनरच्या यार्डात, नो एंट्रीच्या अलीकडे आणि गोदामाच्या दारात जातो. तिथे पूल बांधून काही सुटत नाही. म्हणून आराखड्याचं एकक ठेवा गाडीची एक पूर्ण फेरी.

फेरी मोजायची कशी

आधी मार्ग तुकड्यांत पाडा: बंदराचं गेट, कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली किंवा अंजूरफाटा, आणि शेवटी गोदाम. वाहतूकदारांकडून किमान तीन महिन्यांच्या जीपीएस नोंदी मागा. गाडी वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबली ते सगळे बिंदू नकाशावर टाका. दाट ठिपके दिसतील तिथे माणूस पाठवा आणि थांबण्याचं कारण लिहून आणा: गेटची रांग, कागदपत्रं, हमालांची वाट, नो एंट्री, जेवण, झोप, पंक्चर. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा असतो, आणि जीपीएस कारण सांगत नाही.

या नोंदी मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांच्याच असतात. एका गाडीचा मालक, टेम्पोवाला आणि छोटा हत्ती चालवणारा त्यात नसतो, आणि शहरातला शेवटचा टप्पा तर तेच सांभाळतात. त्यांच्यासाठी वजनकाट्यावर, ढाब्यावर आणि तुर्भ्याच्या बाजार आवारात रात्री उभं राहून विचारावं लागतं. माल कुठून कुठे जातो हे ई-वे बिलातल्या (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन पासातल्या) पिनकोडवरून काढता येतं, पण तिथे एक खाच आहे. बिल मुंबईतल्या कार्यालयाच्या नावाने असतं आणि माल उतरतो भिवंडीजवळच्या काल्हेरला. खरेदीदाराच्या पत्त्याचा पिनकोड घेतलात तर सगळा माल दक्षिण मुंबईत जातोय असं चित्र तयार होतं. माल पोहोचवायच्या जागेचा पिनकोडच घ्या.

रस्त्यावरची गणना सलग सात दिवस, चोवीस तास करा. दिवसा बारा तास मोजून रात्रीचा आकडा गुणकाने काढण्याची सवय इथे चालत नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असल्यामुळे आपल्याकडे माल रात्रीच हलतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना मज्जाव असतो, ते दिवस टाळा. जुलैतली एक गणना मात्र हवीच, कारण पावसात वेग किती पडतो हे उन्हाळ्यात कळत नाही.

वजन: इथे कसूर करू नका

रस्ता गाड्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या अॅक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) भाराने झिजतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका अॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसायला जेमतेम १३ टक्के. झीज मात्र भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.२ टनांचा, प्रमाण अॅक्सल धरला तर १०.२ टनांचा अॅक्सल एकदा गेला की सुमारे २.४ प्रमाण अॅक्सल गेल्याइतकी झीज होते, ११.५ टनांचा गेला की जवळपास ४, आणि ओव्हरलोड होऊन १४ टनांचा गेला तर साडेआठच्या वर. जुन्या मोजणीवर आखलेला रस्ता मुदतीआधी का उखडतो, त्याचं एक मोठं कारण या हिशेबात आहे.

त्यामुळे अॅक्सलभार प्रत्यक्ष मोजा. डांबरी रस्त्यांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७ या संहितेनुसार दिवसाला तीन हजारांपर्यंत व्यापारी वाहनं असतील तर त्यातली २० टक्के, तीन ते सहा हजारांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे १० टक्के गाड्या वजनाला घ्याव्या लागतात. दोन्ही दिशांचे आकडे वेगळे ठेवा. आयातीचा भरलेला कंटेनर भिवंडीकडे जातो आणि रिकामा परततो. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघणाऱ्या कॉइलच्या गाड्या संख्येने कमी पण वजनाला भारी. सरासरी काढली की एक बाजू गरजेपेक्षा जाड होते आणि दुसरी दोन पावसाळ्यांत खचते. आणखी एक सावधगिरी: काटा लावल्याची बातमी तासाभरात सगळ्या ढाब्यांवर पोहोचते आणि ओव्हरलोड गाड्या वाट बदलतात किंवा थांबून राहतात. जागा बदलत राहा, पर्यायी रस्त्यावरही पथक ठेवा, आणि ही मोजणी दंडासाठी नाही हे चालकांना सांगा.

उभं राहायला जागा

आराखड्यांत सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते वाहनतळाकडे, आणि त्याची किंमत माणसं जिवाने चुकवतात. सर्व्हिस रोडवर दिवे-रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून दुचाकी आदळणं हा टाळता येण्यासारखा मृत्यू आहे.

हिशेब सोपा आहे: तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी मुक्कामाचे तास. उदाहरणार्थ, तासाला ४० ट्रेलर येत असतील आणि प्रत्येक जण पाच तास थांबत असेल तर एका वेळी २०० जागा लागतात. गर्दीसाठी २५ टक्के जादा धरून २५०. चाळीस फुटी कंटेनरच्या ट्रेलरला १८ बाय ४ मीटरची जागा आणि तेवढीच फिरण्यासाठी, म्हणजे गाडीमागे सुमारे १५० चौरस मीटर. २५० जागांना पावणेचार हेक्टर झाले. त्यात शौचालय, अंघोळीची सोय, जेवण, दिवे आणि पंक्चरवाला यांची जागा मिळवा. या सोयी नसतील तर चालक तळ सोडून रस्त्यालाच गाडी लावतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

नो एंट्रीचा हिशेब वेगळा करा. बंदी चार तासांची आणि तासाला ६० गाड्या येत असतील तर बंदी उठताना २४० गाड्या दारात असतात. त्या एकदम सोडल्या तर पुढचा नाका तासभर तुंबतो. टोकन देऊन टप्प्याटप्प्याने सोडायची व्यवस्था तळाच्या बाहेर पडण्याच्या दाराशीच आखून ठेवा.

तळाचा पृष्ठभाग काँक्रीटचाच करा. उभ्या जड गाडीखाली डांबर उन्हात दबतं आणि गळणारं डिझेल, तेल त्याला विरघळवतं. महामार्गावर रूढ असलेली जाडी, म्हणजे खाली १५० मिलिमीटर कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट आणि वर ३०० मिलिमीटरच्या आसपास एम-४० दर्जाची फरशी, ही सुरुवात धरा आणि स्थानिक मातीच्या चाचणीवरून पक्की करा.

गेट, वळण, पाणी

गेटवर एका गाडीला तीन मिनिटं लागली तर एका मार्गिकेतून तासाला २० गाड्या जातात. तासाला ७० येत असतील तर चार मार्गिका कागदावर पुरतात. पण क्षमतेचा वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की रांग झपाट्याने वाढते, म्हणून पाचवी लागते. किंवा कागदपत्रं आधीच तपासून तीन मिनिटांची दोन करा. हा दुसरा उपाय पुष्कळ स्वस्त.

वळणावर आराखड्यातली रेषा पुरेशी नाही. लांब ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात. दुभाजकाचं टोक फुटलेलं दिसलं की ती जागा अरुंद आहे असं समजा. पहाटे रस्ता मोकळा असताना खरा चाळीस फुटी ट्रेलर वळवून चाकांच्या खुणा खडूने आखा आणि मग कर्ब ठरवा. हाय-क्यूब (जादा उंचीचा) कंटेनर २.९० मीटर उंच असतो, ट्रेलरची पाठ दीड मीटरच्या आसपास, म्हणजे रस्त्यापासून सुमारे ४.४ मीटर. रस्त्यावर पुन्हा थर चढवताना पुलाखालची मोकळी उंची प्रत्येक वेळी कमी होते, म्हणून जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नका.

पाण्याचा विचार भरतीच्या वेळापत्रकासह करा. खाडीकाठी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की गटार उलटं वाहतं. नाल्याच्या तोंडाशी झडप नसेल तर नुसती मोठी गटारं बांधून उपयोग नाही. भिवंडीत भराव टाकून गोदामं उठली तिथे पाणी शेजारच्या रस्त्यावर येतं, तेव्हा रस्त्याची पातळी ठरवण्याआधी आजूबाजूच्या भरावांची पातळी घ्या.

पर्यायी मार्ग आणि रेल्वे

२०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिला आणि त्याचा भार ठाणे, ऐरोलीवर आला. प्रत्येक महत्त्वाच्या दुव्याला हाच प्रश्न विचारा: हा सहा महिने बंद पडला तर गाड्या कुठून जातील, आणि त्या वाटेवरचे पूल ५५ टनांची गाडी पेलतील का? उत्तर नसेल तर पर्यायी वाटेचं मजबुतीकरण पहिल्या टप्प्यात घ्या. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यावर वाहतुकीचा कल बदलला आहे, त्याआधीच्या गणनेवर नवा रस्ता आखू नका.

रेल्वेकडून नेमकी अपेक्षा ठेवा. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग (फक्त मालगाड्यांसाठीचा रेल्वेमार्ग) डबल-स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेले कंटेनर आणि २५ टनांच्या अॅक्सलभारासाठी आहे. त्याचा फायदा शेकडो किलोमीटरच्या मालाला. न्हावाशेवा ते भिवंडी एवढ्या अंतरावर दोनदा चढउतार करून रेल्वे परवडत नाही. उलट नवं टर्मिनल आलं की त्याच्या दारातला रस्ता तपासा. ४५ वॅगनची नेहमीची कंटेनर गाडी ९० टीईयू (वीस फुटी कंटेनरइतकी एककं) आणते, म्हणजे चाळीस फुटी कंटेनर असतील तर ४५ ट्रेलर, तेही थोड्या तासांत. डबल-स्टॅकला दुप्पट.

क्रम आणि परवानग्या

रस्त्याचा मालक कोण हे तुकड्यागणिक लिहून काढा: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएसआरडीसी, एमएमआरडीए, सिडको, एमआयडीसी, महापालिका. खारफुटी तोडावी लागणार असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. वर्षभर आधी अर्ज करा किंवा रेषा वळवा. पहिल्या वर्षात खुणा, दिवे, गेट, वळणं आणि तळ. पूल आणि नवी रेषा त्यानंतर. खोदकाम ऑक्टोबर ते मे.

काम सुरू होण्याआधीच्या महिन्यात घेतलेल्या फेरीच्या वेळा जपून ठेवा. काम संपल्यावर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच तुकड्यांवर, त्याच गाड्यांच्या जीपीएस नोंदी पुन्हा मागवा. गेटचा वेळ कमी झाला आणि तोच वेळ गोदामाच्या दारात वाढला, तर पुढचा निधी गोदामाच्या आवारातल्या वळणाच्या जागेवर आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यांच्या संख्येवर लागला पाहिजे.